लांबचे आधी

आमच्या मधल्या आळीतून शाळेकडे उतरणारी एक पाखाडी आहे. काळ्या दगडांची, पायऱ्यापायऱ्यांची, दोन माणसं शेजारी शेजारी बोलत उतरतील एवढी रुंद. पावसाळ्यात तिच्या कडेला घोटाभर चिखल असतो, आणि जॉबरतात्या त्या चिखलातून चालत. चपला हातात, छत्री डोक्यावर, लेंगा वर खोचलेला, आणि वीतभर अंतरावर पावसानं धुऊन लख्ख झालेली पाखाडी. गावात नवीन आलेला कुणी थांबून म्हणायचा, "अहो आजोबा, वरनं चाला की, पाय सरकेल." तात्या हसायचे. "तुमी चाला. आमाला इथंच बरं हाय."

गाव मात्र हसत नसे. गावाला कारण ठाऊक होतं. माझं घर तर पाखाडीच्या अगदी तोंडाशी, त्यामुळे हे दृश्य दिवसातून दोनदा तरी माझ्या ओटीसमोरून जायचं. खोटं कशाला सांगू, तात्यांची यायची वेळ झाली की मी बरेचदा काहीतरी काम काढून आत सटकायचो.

तात्यांचं सगळं आयुष्य मुंबईला गिरणीत गेलेलं. आमच्या पोलादपूर तालुक्यात ज्या घरातलं कुणी मुंबईला नाही, असं घर शोधून काढावं लागे, तेव्हा त्यात नवल नव्हतं. पण तात्या साध्या कामगाराचे जॉबर झाले होते, म्हणजे खात्यातल्या माणसांना कामं लावून देणारे. गावी कायमचे परतले ते हे नाव घेऊन. "जॉबर गिरणी सोडून आला, पण भोंगा बरोबर घेऊन आला," असं लोक म्हणायचे, कारण माणसाला वेळेवर कामाला लावायची खोड काही सुटली नव्हती. सत्तरच्या दशकाच्या शेवटाशेवटाला आमच्या दोन भावक्यांचं सरपंचपदावरून जुंपलं, आणि दोघांच्या भांडणात तिसरा म्हणून तात्या बिनविरोध निवडून आले. "तिसऱ्याचा लाभ म्हंतात," ते म्हणायचे. "लाभ कसला, भार हाय रे."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुठे काही बिघडलं, कुणी कुणाला नावं ठेवली, की तात्या मान हलवून म्हणत, "मानूस वाईट नाय, गुरुजी. मांडनी वाईट हाय." मी त्या वेळी गावातल्याच शाळेत शिक्षक होतो. मला वाटायचं, म्हातारा भोळा आहे. माणसं चांगलीच वाईट असतात, हे मला वर्गातल्या पोरांच्या अनुभवावरूनच माहीत होतं. तात्यांचं म्हणणं असं, की खात्यात दोन चांगले कामगार सारखे भांडायला लागले तर त्यांना समजावत बसू नये, त्यांची मशीनं बघावीत. बहुतेक वेळा एकाची वाट दुसऱ्याच्या अंगावरून जात असते.

ग्रामसभेची मांडणी त्यांनी अशीच बघितली. त्याआधी सभा भरायची देवळाच्या सभामंडपात. आमच्या आळीचे आबा पाटील मधोमध खुर्चीवर. तेच पहिलं बोलायचे, तेच शेवटचं, आणि मधलं बाकीच्यांनी माना हलवून भरून काढायचं. बौद्धवाडीची माणसं बाहेर आंब्याखाली उभी. आत या असं त्यांना कुणी म्हणत नसे, आणि कुणी म्हणण्याची त्यांनी वाट बघावी असंही काही त्या मंडपात नव्हतं. टेपवाडीचं एखाददुसरं माणूस आलं तर आलं. बायका नाहीतच. कोरम भरायचा, चहा व्हायचा, सभा संपायची. मी त्या सभांना बसलेलो आहे, आणि त्यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

तात्यांनी भाषण वगैरे काही केलं नाही. सभा उचलून शाळेच्या पडवीत आणली, एवढंच. शाळा सरकारची, तिथं आत-बाहेर कुणी करायचं नाही. खुर्ची मागितली तर म्हणाले, "एकच असंल तर ती ठेवूच नका. खुर्ची दिसली की मानूस खुर्चीकडंच बोलतो." सगळ्यांना सतरंज्या. आणि स्वतः सरपंच बसायचे कुठे, तर दाराशी, चपलांच्या शेजारी. मी विचारलं तेव्हा सांगितलं, "गिरनीच्या फाटकावर सभा व्हायची तवा मी कायम मागं. पुढारी काय बोल्ला ता कधी ऐकूच आला नाय. पुढचे टाळी वाजवत, म्हनून आमी वाजवायचो. हितं तसं नको. मी मागं बसलो की बोलनाऱ्याला मागपतूर बोलावं लागंल."

बायकांचा प्रश्न अवघड होता. सासरे-दीर बसलेले असताना आमच्याकडे सुना तोंड उघडत नसत. तात्यांनी बायकांना वर्गात बसवलं, पुरुषांना पडवीत, आणि मधली खिडकी उघडी ठेवली. बायकांनी खिडकीतून बोलायचं. तोंड दिसणार नाही, बोलणं तेवढं ऐकू येईल. "आवाजाला कुठं पदर लागतो?" असं म्हणाले. पहिल्या दोन सभांना खिडकीतून नुसती कुजबुज आली. तिसऱ्या सभेला एक ठणठणीत आवाज आला, "इहिरीचा रहाट मोडून वरीस झाला. दोरानं हात कापतात आमचे. पंचायत काय करते?" आबा पाटील कौतुकानं वळले. "कुणाची गो ही? चांगली बोलते." पडवीतले सगळे तात्यांकडे बघू लागले. शेवटी तात्या म्हणाले, "आबा, तुमचीच धाकटी सून हाय." आबांच्या घरात ती सहा-सात वर्षं नांदत होती. आबा कौलांकडे बघत म्हणाले, "मग बसवा रहाट."

पण तात्यांचा खरा नियम तो नव्हे. खरा नियम, "लांबचे आधी." ज्याचं घर सगळ्यात लांब, तो पहिला बोलणार. टेपवाडी, मग बौद्धवाडी, मग खालची वाडी, आणि सरतेशेवटी आम्ही मधली आळी, देवळापासून हाकेच्या अंतरावर राहणारे. कारण काय, तर लांबच्यांना परत चढण चढायची असते, त्यांना लवकर मोकळं करायला हवं. या कारणाला कुणाला नाही म्हणता येईना. आबा कुरकुरले, "म्हणजे बौद्धवाडीनंतर आम्ही?" तात्या शांतपणे म्हणाले, "तुमचं घर ह्यो काय, हाकेवर. त्यांना अर्धा कोस चालायचाय. मी काय जात नाय बघितली, अंतर बघितलंय." शेकडो वर्षांची उतरंड त्यांनी चालण्याच्या हिशेबानं उलटी करून ठेवली होती, आणि ते सगळ्यांच्या ध्यानात यायला एक वर्ष गेलं. तोवर सवय झाली होती.

माणसं येऊ लागली. टेपवाडीची तर हटकून. टेपवाडी म्हणजे वर डोंगराच्या टेपावर, उंच टेकाडावर, भाताच्या चार तुकड्यांवर जगणारी वाडी. तिच्या आणि गावाच्या मध्ये एक वहाळ. उन्हाळ्यात त्याच्यातून पोरं चेंडू खेळत जातात. श्रावणात तोच वहाळ म्हैस उचलून खाली सावित्रीत नेऊन टाकतो. त्या वाडीतली काशीबाई खिडकीच्या आत बसायची नाही. "माजा सासरा कवाच वर गेला, मी कुनाला लाजू?" असं म्हणून ती सरळ पडवीत दाराशी, तात्यांच्या शेजारी बसायची. तिची मुलगी चंद्रा माझ्या तिसरीच्या वर्गात होती. पाढे तिला येत, ते ठीकच आहे, पण ती धडा वाचायला लागली की मागची पोरं भांडणं थांबवायची. असं मी पुढे फार कमी वेळा बघितलं.

त्या श्रावणात पंचायतीला वरून एका कामापुरते पैसे मंजूर झाले. काम कुठलं, ते सभेनं हात वर करून ठरवायचं आणि पंचायतीनं ते मानायचं, हीही तात्यांचीच पद्धत. सभा भरली. लांबचे आधी म्हणून काशीबाई उठली.

"आमाला साकव पायजे," ती म्हणाली. साकव म्हणजे छोटा पूल, माणूस आणि त्याच्या डोक्यावरचा भारा जाईल इतपत. "पावसाळ्यात पोरांची शाळा दोन-दोन म्हयने बुडते. मानूस आजारी पडला तर खाली आनता येत नाय. दुसरा कायपन नको. साकव द्या."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही. बौद्धवाडीच्या सोनूदादांनी तर आमचं काही मागणं नाही, साकवच होऊ द्या, असं सांगितलं. एवढ्यात वर डोंगरावर काळोखून आलं. वहाळ भरायच्या आत पोचायला हवं म्हणून टेपवाडीची माणसं घाईनं उठली. तात्यांनीच त्यांना म्हटलं, "निघा, निघा. तुमचं बोलून झालंय." बौद्धवाडीचीही बरीचशी त्यांच्याबरोबर निघाली. दाराशी चपलांचा ढीग असायचा, तो निम्मा झाला.

मग आम्ही बोललो. आम्ही जवळचे, आम्हाला कसली घाई? मधल्या आळीचा उतार किती निसरडा आहे, कोण कधी पडलं, देवाची पालखी उतरवताना कसे हाल होतात. साकवाला विरोध कुणीच केला नाही, हे लक्षात घ्या. साकव पुढच्या खेपेला, आधी पाखाडी, एवढंच सगळे म्हणत होते. तात्यांनी हात वर करायला सांगितलं. पाखाडीसाठी पडवीभर हात वर झाले. त्यात माझाही होता. आईचा पाय त्या उतारावर मुरगळला होता, हे कारण मी तेव्हा मनाशी धरलं होतं. ते कारण मी अजून जपून ठेवलंय, पण ते कुठेच चालत नाही.

हात मोजता मोजता तात्यांची नजर शेजारी गेली. जिथं काशीबाईच्या आणि तिच्या वाडीच्या चपला असायच्या तिथं ओली जमीन होती. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांना काय कळलं, ते मला त्याच क्षणी कळलं. लांबचे आधी बोलतात, म्हणून लांबचे आधी जातात, आणि ठरतं ते नंतर. इतके दिवस ते तसंच चाललं होतं, फक्त त्या दिवशी टेपवाडीला काही हवं होतं. पण सभा त्यांची, नियम त्यांचा, हात समोर दिसत होते. "ठराव मंजूर," असं ते म्हणाले, आणि तो आवाज दाराच्या बाहेर गेला नसेल.

दुसऱ्या दिवशी वहाळ जरा उतरल्यावर ते एकटे टेपवाडीत जाऊन स्वतः सांगून आले. परतताना माझ्या ओटीवर टेकले. चहा घेतला नाही. "काशीनं काय म्हटलं ठाव हाय? 'तात्या, तुमी आमाला बोलाया दिलंत ता काय कमी हाय?' गुरुजी, तिनं शिवी घातली असती तर मी जेवलो असतो." मग उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "ही मांडनी दुसऱ्या कुनाची नाय. माजी हाय."

थंडीत पाखाडी झाली. दगड चांगले निघाले, गवंडी महाडचा आणला. आळीनं नारळ आणला. तात्यांनी सरपंच म्हणून तो फोडला आणि कडेनं चालत घरी गेले. त्या दिवसापासून त्यांचा पाय पाखाडीला लागला नाही. आम्हाला कुणाला ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर आम्ही उलट चार शब्द सुनावले असते आणि मोकळे झालो असतो. तशी सोय त्यांनी ठेवली नाही.

मांडणी मात्र त्यांनी लगेच बदलली. ज्या वाडीचं काम, त्या वाडीची माणसं बसलेली असल्याशिवाय हात मोजायचे नाहीत. आणि सभा दर खेपेला एकाच जागी नाही, पाळीपाळीनं एकेका वाडीत. पहिली पाळी टेपवाडीची. यावर आमची आळी आजारी पडली. कुणाचे गुडघे, कुणाचा दमा, कुणाच्या भाताची झोडणी. माझी शाळेची तपासणी होती. ती दुसऱ्या दिवशी होती, पण मी तीच सबब पुढे केली. टेपवाडीत तात्या, सोनूदादा आणि वाडीची माणसं दिवसभर बसून राहिली. कोरम भरला नाही. पुन्हा तारीख दिली, पुन्हा गुडघे. तात्या दर वेळी वर जाऊन बसत आणि परत येत.

मग पुढचा पावसाळा आला. चंद्रा चौथीत होती. आषाढ लागला आणि तिची जागा रिकामी झाली. दोन महिने मी हजेरी घेताना तिचं नाव पुकारायचो आणि "गैरहजर" असं पोरं ओरडायची. गणपतीच्या सुमाराला वहाळ उतरला. चंद्रा आली नाही, काशीबाई आली. "मुंबयला मावशीकडं धाडली, गुरुजी. तिचा पोर सांभाळंल. हितं बसून काय करनार व्हती? आदीच दोन म्हयनं मागं पडली." तिनं पिशवीतून शाळेचं पुस्तक काढून माझ्या टेबलावर ठेवलं. वर्षाच्या सुरुवातीला ते मीच दिलं होतं. जपून वापरलेलं होतं. ती पाखाडीवरून वर गेली, जपून, एकेक पायरी.

हे मी तात्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी आबा पाटलांच्या ओटीवर जाऊन बसले. आबांनी चहा दिला, पान दिलं, तरी उठेनात. "आबा, सभेला टेपवाडीत चला. तुमी निघालात की आळीचे गुडघे बरे होतील. तोवर मी हितं हाय." संध्याकाळी आबा सुनेला म्हणाले, "काय करू या माणसाचं?" सून दाराआडून म्हणाली, "जा की मग." खिडकीतून एकदा बोलायला लागल्यावर ती आता घरातही बोलायची.

आबा निघाले तसे आम्हीही निघालो. भाद्रपदातलं ऊन, वहाळात अजून मांडीभर पाणी. आबा दगडावरून घसरले. काशीबाईचा नवरा धोंडू पुढे आला होता, त्यानं काही न विचारता आबांना पाठुंगळीला घेतलं आणि पलीकडे उतरवलं. आबांचं धोतर भिजलं, टोपी वाहून गेली. वर टेपावर पोचेपर्यंत आम्ही सगळे धापा टाकत होतो. टेपवाडीच्या पोरांना आमच्याकडे बघून फार मजा वाटत होती.

सभा सुरू झाली. तात्या दाराशीच, म्हणजे काशीबाईच्या अंगणाच्या कडेला. आबांनी काशीबाईकडे बघितलं, कारण पहिलं बोलायचं ते टेपवाडीनं, अशी सवय झालेली. तात्या म्हणाले, "नाय. आज लांबचे तुमी हाव, आबा. तुमी बोला."

आबा उघड्या डोक्यानं उठले. धोतराचा ओला सोगा पिळत म्हणाले, "साकव पाहिजे. आधी साकव. मला याच वाटेनं परत जायचंय." लोक हसले. हात वर झाले, सगळेच्या सगळे, आणि या खेपेला सगळ्यांच्या चपला तिथंच होत्या.

पैसे यायला वेळ लागला, पण पुढच्या उन्हाळ्यात साकव झाला. मला वाटलं, फिटलं. एका पावसात तात्या माझ्या ओटीसमोरून चिखलातून चाललेले बघून मी आत पळालो नाही, बाहेर आलो. म्हटलं, "तात्या, झाला ना साकव. आता तरी वरनं चाला." ते थांबले. माझ्यावर राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत, तो असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "साकव आला, गुरुजी. पोर कुठं आली?" आणि पुढे गेले.

पोर आलीच नाही. तिचं लग्न झालं, नवऱ्याला महाडच्या नव्या औद्योगिक वसाहतीत काम मिळालं, बिरवाडीला खोली घेऊन राहतात, एवढं काशीबाईकडून कळायचं. मी बिरवाडीला कितीदा गेलो असेन. तिच्या दारात एकदाही गेलो नाही.

तात्या गेले ते श्रावणातच. पावसाची रिपरिप होती. वहाळाला पूर आलेला, तरी टेपवाडीची सगळी वाडी साकवावरून खाली उतरली. तिरडी उचलायची वेळ झाली. पहिला खांदा भावकीचा, तसे भावकीतले पुढे झाले. आबा पाटील काठी टेकत म्हणाले, "थांबा. लांबचे आधी." भावकी मागे सरली. टेपवाडीच्या आणि बौद्धवाडीच्या माणसांनी खांदा दिला. धोंडू पुढे होता. पाखाडीच्या तोंडाशी, माझ्या ओटीसमोर, ते थबकले. धोंडूनं पाखाडीकडे बघितलं, मग कडेच्या चिखलाकडे, आणि त्याचा पाय चिखलाकडे वळला. तेव्हा बायकांतून काशीबाई पुढे आली.

"वरनं न्या रे त्यांना," ती म्हणाली. "आज त्यांचा पाय नाय लागायचा."

पाखाडीवरून नेलं.

स्मशानात अग्नी दिला. लाकडं ओली, पेटायला वेळ लागत होता. आमच्या आळीची माणसं हळूहळू पांगू लागली. कुणाची गुरं होती, कुणाला ताप होता. टेपवाडीची माणसं मात्र शेडच्या कडेला उकिडवी बसून होती. वर डोंगर काळा झालेला दिसत होता. मी धोंडूजवळ जाऊन म्हटलं, "निघा आता, धोंडूदादा. तुम्हाला लांब जायचंय."

त्यानं मान वर केली. "साकव हाय ना आता, गुरुजी. कसली घाई? समदा होईपतूर थांबतो."

ते थांबले. त्या दिवशी आधी निघालो ते आम्ही जवळचेच, आणि पावसाचा जोर वाढला तेव्हा मी पाखाडीवरून, पायाला चिखल न लागता, घरी पोचलो होतो.